बैलांवर चालणारी माझी चकरी

सन एकोणीसशे साठ. माझं नाव उकंडा, वय तेहतीस, शिक्षण दुसरी पास, आणि डोकं इंजिनेराचं. (तिसरीत मास्तरांनी घेतलं नाही. माझ्या प्रश्नांना ते भ्याले, असं मी आजही धरून चालतो.)

गाव आमचं बोरी अरबपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. धंदा सुतारकीचा, जोडीला थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. वखर, डवरा, दार, चौकट, गाडीचं चाक, लोक सांगतील ते मी करून देत होतो, पण जीव माझा यंत्रात अडकला होता. त्याला कारण यवतमाळची एक लाकडाची वखार. तिथं मी पहिल्यांदा गोल चकरीचा आरा पाहिला. टेबलाच्या मधल्या फटीतून अर्धी चकरी वर आलेली, खाली इंजिन, आणि माणसानं लाकूड नुसतं पुढं सरकवायचं. लाकडाचे आपसूक दोन तुकडे! मी कापूस विकायला गेलो होतो, ते विसरून तिथंच उभा राहिलो. शेवटी वखारवाला म्हणाला, "भाऊ, जा आता घरी, मले कुलूप लावाचं हाय." आणि जाताना त्यानं भंगारातली एक झिजलेली चकरी माझ्या हातात ठेवली. बहुतेक मी परत येऊ नये म्हणून.

ती चकरी मी पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, लेकरासारखी घरी आणली. आमच्या मंडळीनं, म्हणजे पंचफुलानं, पोतं उघडून आत पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. कापूस गाडीत तसाच होता.  

अंगणात मी सागाचं टेबल ठोकलं, मध्ये फट ठेवून चकरी बसवली. फिरवायला गाडीचं एक जुनं चाक उभं केलं, त्याला मूठ लावली, आणि चाकापासून चकरीपर्यंत जुन्या मोटेच्या कातड्याचा पट्टा ताणला. मूठ फिरवायला माझा साळा देवराव. हा देवराव ढाणकीहून चार दिवसांसाठी बहिणीकडे आला होता आणि आता त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. मूठ तो चांगली फिरवी. पण तंबाखू मळायला दोन हात लागतात, ही गोष्ट मी यंत्र करताना ध्यानात घेतली नव्हती. लाकूड अर्ध्यावर आलं की देवरावाला तलफ यायची, मूठ थांबायची, आणि चकरी लाकडात अशी रुतून बसायची की लाकूड, चकरी आणि मी, तिघंही देवरावाच्या तोंडाकडे पाहत राहायचो.

तेव्हा मी ठरवलं, सुधारणा करायची. यंत्रात. देवरावात सुधारणा करणं कोणाच्याच हातात नव्हतं.

माझ्या सासऱ्याच्या विहिरीवर एक लोखंडी रहाट होता. बैल गोल गोल फिरत, दातांचं मोठं चाक फिरे आणि विहिरीतून पाणी वर येई. सासऱ्यानं पाण्याचं इंजिन घेतलं आणि रहाट बाभळीखाली गंजत पडला. मी तो गाडीत घालून ढाणकीहून आणला. वाटेत तीन मुक्काम झाले, पण मला झोप अशी आलीच नाही. डोळ्यांपुढं सगळं चित्र उभं होतं! अंगणाच्या मधोमध रहाट. त्याला लांब दांडा. दांड्याला बैल. रहाटानं गाडीचं चाक फिरवायचं, चाकानं चकरी फिरवायची. पाणी ओढणारे बैल लाकूड का नाही कापणार?

कापलं! आमची जोडी हऱ्या आणि मोऱ्या. दोघं आधी त्या यंत्राला बिचकले, कारण चकरी सुरू झाली की असा काही कुईंई आवाज करी की शेजारच्या आळीतली कुत्री उठून चालू लागत. मग मी एक युक्ती केली. चकरी ओरडली रे ओरडली की दोघांच्या पुढ्यात मूठ मूठ सरकी टाकायची. आठवड्याभरात असं झालं की चकरीनं नुसतं 'कु' केलं तरी हऱ्या-मोऱ्या गोठ्यातून दावं ताणत. माझ्या शिकवण्याचा मला फार अभिमान वाटला. (मास्तरांनी माझ्यावर सरकी वापरली असती तर मी मॅट्रिक झालो असतो.)

मग चकरी दाखवायला मी गाव बोलावला. गाव आला. आता गावापुढं पहिला काप कशाचा द्यायचा? मला एकदम स्फूर्ती आली. गाडीच्या चाकाची ती जुनी मूठ मी सगळ्यांसमोर उपसून काढली, उंच धरून दाखवली, आणि म्हणालो, आता माणसानं फिरवायचे दिवस गेले. आणि तिचे चकरीवर तीन तुकडे केले! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं देवरावानं वाजवल्या.

टाळ्यांनी माझं डोकं फिरलं. पोळा महिन्यावर आला होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकं लावलेला लाकडी बैल दोरीनं ओढत लेकरं घरोघर जातात. पण गावात लाकडी बैल होते कोणाचे? पाटलाच्या नातवाचा एक आणि दुकानदाराच्या पोराचा एक. बाकीच्या लेकरांचे मातीचे. माझ्याच लेकीच्या, शांताच्या, बैलाचं डोकं मागल्या वर्षी पहिल्याच वळणावर गळून पडलं होतं, आणि ती पोरगी बिनडोक्याचा बैल घेऊन अख्ख्या गावातून फिरून आली होती. रडली नाही. तेच मला जास्त लागलं होतं.

म्हणून मी त्या टाळ्यांच्या भरात टेबलावर हात आपटून बोललो, "यंदा गावातल्या एकूण एक लेकराच्या हातात लाकडाचा बैल असन. अन् तो हे यंत्र करन!"

लेकरं नाचायला लागली. मोठे लोक एकमेकांकडे पाहायला लागले. रात्री जेवताना पंचफुला शांतपणे म्हणाली, "लेकराईले जबान देली तुमी. यंत्रानं करतो म्हनलं, तं यंत्रानंच झालं पाह्यजे. नाही झालं, तं पोळ्याचं पुरन या टेबलावर शिजवीन. सागाचं हाय. चांगलं जळन."

मी हसलो. ती हसली नाही.

आता माणसानं काय करायला पाहिजे होतं? बैल करायला पाहिजे होते. पांगऱ्याचं मऊ लाकूड आणून ठेवलं होतं, चकरी तयार होती, बैल सरकीसाठी उतावीळ होते. पण मी लाकूड टेबलावर ठेवी आणि मला यंत्रातच काहीतरी दिसे. टेबलाला लाकूड टेकवायला कड नाही, काप तिरपा जातो. म्हणून कड बसवली. कड सरकती पाहिजे, म्हणून ती सरकती केली. सरकती कड हलते, म्हणून तिला पाचर. पाचर ठोकताना टेबल डुगडुगतं, म्हणून पाय जमिनीत गाडले. मग टेबल बुटकं झालं, म्हणून मी उभा राहतो तिथं खड्डा खणला. मग खड्ड्यात पाणी साचलं. देवराव खाटेवरून विचारी, "भाऊजी, बैल कवा करसान?" आणि मी खड्ड्यातून सांगी, "तुले समजत नाही. मी बैल करून नाही राह्यलो, बैल करणारं यंत्र करून राह्यलो."

तरी शेवटच्या आठवड्यात मी हात चालवला. चकरीनं ठोकळे पाडले, वासल्यानं पाठ आणि शिंगं काढली, पटाशीनं तोंड कोरलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर लाकडी बैलांचा कळप उभा होता. नुसता पाहत राहावा असा! फक्त चाकं राहिली होती. चाकांचं काही विशेष नव्हतं. पांगऱ्याच्या गोल फांद्या चकरीवर आडव्या धरायच्या आणि भाकरीसारखी चाकं पाडायची. उद्या दिवसभर तेच करायचं, असं मी मनाशी ठरवलं.

पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदमळण. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे दुखतात, म्हणून गरम तूप आणि हळद लावून ते मळायचे आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मी मोऱ्याचा खांदा मळत होतो, देवराव हऱ्याचा. मी मोऱ्याच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

देवराव मळता मळता थांबला. "भाऊजी, चाकं उद्या कापाची ना?"

"हो. उद्या दिवसभर."

"मंग याईले जुपता का, पोळ्याच्या दिवशी?"

माझा हात मोऱ्याच्या खांद्यावर तसाच राहिला. खांदमळण झाली की पोळा सरेपर्यंत बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्माला आलेला नाही. स्वतःचे बैल जुंपायचे नाहीत आणि दुसऱ्याचेही मिळायचे नाहीत. हातानं फिरवावं म्हटलं, तर त्या मुठीचे तुकडे मी स्वतः अख्ख्या गावासमोर केले होते. आता नवी लावायची कोणत्या तोंडानं! मोऱ्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यानं आवतन घेतलं होतं. आता त्याला माघार घे म्हणणार कसं?

देवरावानं माळ्यावरची माझी जुनी हातआरी काढून देतो म्हटलं. मी म्हणालो, यंत्रानं करीन असं गावाला सांगितलं आहे, यंत्रानंच करीन. चुलीपाशी पंचफुला कुऱ्हाडीच्या धारेवर बोट फिरवून पाहत होती. सरपणासाठीच असेल. पण तिची नजर टेबलावर होती.

पोळ्याच्या दिवशी दुपारी देवरावानं हऱ्या-मोऱ्याला धुतलं, शिंगं रंगवली, झुली घातल्या, गळ्यात घुंगरमाळा बांधल्या आणि पोळा भरतो त्या गावाबाहेरच्या मैदानाकडे नेलं. तिथं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या गावाचे बैल त्याच्या अलीकडे उभे राहतात, आणि मानाप्रमाणे पाटलाचा बैल आधी जातो. मग तोरण तुटतं, पोळा फुटतो. म्हणजे त्या वेळी गावात पुरुष माणूस कोणी नाही. हीच वेळ मी हेरून ठेवली होती. मी अंगणात आलो, इकडंतिकडं पाहिलं, आणि बैलाच्या जागी जाऊन दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला.

रहाट हलेना. पाय रोवून जोर केला तेव्हा इंचभर हलला. पहिल्या फेऱ्याला मला हऱ्याबद्दल आदर वाटला, दुसऱ्या फेऱ्याला मोऱ्याबद्दल, आणि तिसऱ्या फेऱ्याला सासऱ्याच्या विहिरीवर आजवर फिरलेल्या सगळ्या बैलांबद्दल. पण चकरी फिरायला लागली! तेवढ्यात पंचफुला पुरण शिजत ठेवून बाहेर आली.

"काय करून राह्यले?"

"चाकं कापतो."

"अन् लाकूड कोन धरन?"

याचा मी विचार केला नव्हता. दांड्यापाशी मी, टेबलापाशी कोणी नाही. पंचफुलानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदर खोचला, खड्ड्यात उतरली आणि एक फांदी उचलून चकरीला लावली. कुईंई! पहिलं चाक टपकन खाली पडलं. तिनं ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं. दुसरं पडलं. तिसरं.

"आवं," ती हळूच म्हणाली, "हे तं काकडीवानी कापते."

तिच्या आवाजात जे होतं ते मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं. तिनं पुढची फांदी घेतली. मी जरा दम घ्यायला थांबलो, तर तिनं मान वर न करता बैलाला हाकताना काढतात तसा जिभेनं ट्टक् आवाज काढला आणि म्हणाली, "हं, चाला."

मी चाललो.

इकडे मैदानात काय झालं ते मला मागून देवरावानं सांगितलं. तोरण बांधलं होतं. बैल शांत उभे होते. पाटील फेटा बांधून निघालेच होते. आणि त्या शांततेत गावातून आवाज आला: कुईंई!

हऱ्याचे कान उभे राहिले. मोऱ्याच्या घुंगरमाळा वाजल्या. सरकी! देवरावानं कासरा हाताला गुंडाळला होता, तो सोडायला त्याला वेळ मिळाला नाही. हऱ्या-मोऱ्या तोरणाखालून गेले नाहीत, तोरण घेऊन गेले. मागे घसरत देवराव, नवीन धोतरासकट. आणि तोरण तुटलं की निघायचं एवढंच बाकीच्या बैलांना ठाऊक. आज पाटील यायचे आहेत हे त्यांना कोण सांगणार? गावाचे सगळे बैल सुटले. सगळ्यांच्या मागे सगळे मालक. आणि सगळ्यांच्या शेवटी फेटा सावरत पाटील.

मी मान खाली घालून फिरत होतो. मागून घुंगरं ऐकू आली. मला वाटलं, दमल्यामुळं कानात वाजत असेल. मग पाठीला काहीतरी टोचलं. वळून पाहतो तर हऱ्या आणि मोऱ्या, शिंगं लाल-हिरवी, अंगावर झूल, एकाच्या गळ्यात आंब्याचं तोरण! दोघं आपल्या रोजच्या वाटेवर आपल्या रोजच्या कामाला आले होते आणि त्यांच्या जागेवर दुसरंच कोणी होतं. मोऱ्यानं शिंगानं मला पुढं ढकललं. मी पळालो. दांड्यासकट पळालो, कारण दांडा सोडला तर तो फिरून येऊन मलाच लागला असता. मी पळालो तशी चकरी पळाली, चकरी पळाली तशी ती जास्त ओरडली, ती ओरडली तसे बैल अजून उतावीळ झाले, आणि मी अजून जोरात पळालो!

"पंचफुले, सरकी टाक त्याईले!"

"हात रिकामा नाही माहा," ती खड्ड्यातून म्हणाली. चाकं पटापटा पडत होती. तिनं वर पाहिलंच नव्हतं. "हं, आता कसं चालून राह्यले!"

एवढ्यात अंगणात गाव भरला. आधी बैल, मग माणसं. देवराव कुंपणापाशी बसून धोतराची पाहणी करत होता. पंचफुलानं शेवटच्या फांदीचं शेवटचं चाक पाडलं, मान वर केली आणि गाव पाहिला. तिनं पदर सोडला, टोपलीतली सरकी उचलून बैलांपुढं टाकली. बैल थांबले. मग मी थांबलो.

पाटील पुढे आले. गावाचं तोरण पाटलाच्या बैलाआधी तुटलं होतं, ही काही लहान गोष्ट नव्हती. ते रागानं लाल झाले होते. "उकंडा," ते म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी बैल जुपले का तुवा?"

 माझी नुसती धापच निघत होती. पंचफुला बोलली.

"बैल कुठी जुपले, पाटील? पाहा ना नीट. बैल मांगं हायेत, मोकळे. जुपले हायेत ते शांतेचे बाबा."

पाटलांनी पाहिलं. दांडा माझ्या खांद्यावर, मागे दोन सजलेले बैल आरामात सरकी खात, आणि टेबलाखाली चाकांचा ढीग. त्यांच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग अख्खा गाव हसला. बैल जुंपल्याचा गुन्हा काही झाला नव्हता. तोरण पुन्हा बांधायचं ठरलं. त्या वर्षी आमच्या गावात पोळा दोनदा फुटला. दुसऱ्या खेपेला पाटलांनी हुकूम काढला, उकंडाला माझ्याजवळ उभा करा, त्याला इथून हलू देऊ नका. कोणीतरी माझ्या अंगावर एक रंगीत झूल टाकली. लोक हसले. मी ती काढली नाही. सदरा मागून मोऱ्याच्या शिंगानं फाटला होता.

संध्याकाळी पुरणपोळी आधी हऱ्याला, मग मोऱ्याला, मग मला. सगळ्यांनी बसून बैलांना चाकं ठोकली. मग पंचफुलानं वाटीत तूप-हळद गरम करून आणली आणि माझा खांदा मळायला बसली. मळून झाल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी विचारलं, "अन् टेबल जाळतं का?"

"हात लावून पाहा त्याले," ती म्हणाली. "माहं टेबल हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तान्हा पोळा निघाला. गावातल्या एकूण एक लेकराच्या हातात लाकडाचा बैल होता! आता, मोऱ्या येण्याआधी कापलेली चाकं जाड होती आणि मोऱ्या आल्यावर कापलेली पातळ, त्यामुळे सगळेच बैल थोडे लंगडत होते. लेकरांना त्याचं काही नव्हतं. शांता सगळ्यांच्या पुढे होती, आणि दर चार पावलांनी मागे वळून बैलाचं डोकं जागेवर आहे ना ते पाहत होती. जागेवर होतं.

मी त्यांच्यासोबत गेलो नाही. मला काम होतं. पटाशी घेऊन मी रहाटापाशी बसलो, दांड्याला माझ्या खांद्याच्या मापाची गोल खोबण कोरली, ती घासून गुळगुळीत केली, आणि जुन्या गोधडीचा तुकडा दुमडून आत मऊ गादी ठोकली. खांदा लावून पाहिला. काय नेमका बसला म्हणून सांगू! गोठ्यातून हऱ्या-मोऱ्या रवंथ करत पाहत होते. जन्मभर बैल हाकले, पण त्यांच्या खांद्याखाली अशी गादी घालावी हे मला कधी सुचलं नव्हतं. स्वतःचा खांदा एक दुपार दुखला, आणि सकाळी उठल्याउठल्या सुचलं. डोकं इंजिनेराचं आहे, हे मी आधीच सांगितलं होतं.